पेपर तोंडावर आलेत आणि डोळ्याला डोळा लागत नाही

एम.एस्सी.च्या तिसऱ्या सेमिस्टरला क्वांटम केमिस्ट्रीच्या पेपरात पहिलाच प्रश्न आला पेटीतल्या कणाचा. ते डेरिव्हेशन मला तोंडपाठ होतं. पेटीच्या दोन्ही भिंतींवर वेव्ह फंक्शन शून्य व्हायला हवं, म्हणून साइन घ्यायचं. मी कोसाइन घेतलं आणि पुढची चाळीस मिनिटं गणित का जुळत नाही ते शोधत बसले. त्याआधीच्या चार रात्री मिळून जेमतेम बारा तास झोप झाली होती. पेपर संपल्यावर जिन्यात बसून खूप रडले. आपली या विषयात शिकायची लायकीच नाही, हे त्यानंतर कितीतरी दिवस डोक्यातून जाईना.

आता तोच विषय मी शिकवते. परीक्षा जवळ आल्या की कुणीतरी केबिनमध्ये येतं, दार हळूच लोटून घेतं आणि म्हणतं, "मॅडम, झोपच येत नाही हो." त्या मुलांना जे सांगते तेच इथे लिहितेय.

झोप कधी लागेल हे आपल्या हातात नसतं, पण किती वाजता उठायचं हे असतं. म्हणून सुरुवात तिथून करा. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढत जाते. त्याच्या जोडीला शरीराचं स्वतःचं घड्याळ चालतं आणि ते मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं. रात्र वाईट गेली म्हणून सकाळी अकरापर्यंत लोळत पडलात, की रात्रीपर्यंत पुरेशी ओढ साठत नाही आणि घड्याळही उशिराकडे सरकतं. मग पुढची रात्र आणखी लांबते. तेव्हा तीनला डोळा लागला तरी ठरलेल्या वेळेलाच उठा. पेपर सकाळचे असतील तर पेपरच्या दिवशी जेव्हा उठावं लागणार तीच वेळ आठवडाभर आधीपासून धरा. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाहेर उजेडात काढा. आभाळ आलेलं असलं तरी चालेल, खोलीतली ट्यूबलाइट त्या उजेडाच्या पासंगालाही पुरत नाही. पहिले दोन-तीन दिवस डोकं जड राहील, तेवढं सोसा.

आता अंथरुणाचं. हॉस्टेलच्या खोलीत पलंग हेच टेबल, तीच खुर्ची आणि तोच अभ्यासाचा कोपरा. माझंही तसंच होतं. उशीला टेकून नोट्स वाचायच्या, काळजीही तिथेच करायची आणि मग त्याच उशीवर डोकं टेकून झोपेची वाट बघायची. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली यावर एक साधी पद्धत मांडली आणि निद्रानाशाच्या उपचारात ती आजही वापरतात. अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवायचं. साधारण वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठायचं, मंद उजेडात काहीतरी संथ करायचं आणि डोळे मिटायला लागले की मगच परत आडवं व्हायचं. कितीही वेळा उठावं लागलं तरी चालेल.

टेबल नव्हतं म्हणून मी एक युक्ती केली. दिवसा पलंगावर एक जाडी निळी चादर अंथरायचे आणि पायथ्याकडे भिंतीला पाठ लावून वाचायला बसायचे. रात्री ती चादर घडी करून कपाटात टाकायची, नोट्स बॅगेत भरून बॅग दाराशी ठेवायची आणि उशी दुसऱ्या टोकाला घ्यायची. चार-पाच दिवसांत फरक जाणवला. आणखी एक, घड्याळ नजरेआड करा. "तीन चाळीस झाले, आता झोपले तर तीन तास वीस मिनिटं मिळतील" असा हिशोब सुरू झाला की उरलीसुरली झोपही उडते. अलार्म लावा आणि फोन हात पुरणार नाही इतका लांब ठेवा. वीस मिनिटं झाली का आणि पेंग आली का, याचा अंदाज घड्याळाशिवायही येतो.

पडल्या पडल्या डोक्यात यादी फिरत असेल तर ती आधीच कागदावर उतरवा. २०१८ साली अमेरिकेत मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी झोपेच्या प्रयोगशाळेत हे करून पाहिलं. ५७ तरुणांपैकी अर्ध्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, बाकीच्यांनी होऊन गेलेल्या कामांची. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली आणि यादी जितकी नेमकी तितका फायदा जास्त. म्हणून "युनिट चार करणे" असं लिहू नका. "युनिट चारची शेवटची तीन उदाहरणं, सकाळी आठ ते नऊ" असं लिहा. काम वेळेसकट कागदावर गेलं की मन ते धरून बसत नाही.

कॉफीचं थोडक्यात सांगते. कॅफिन ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून थकवा कळत नाही, पण थकवा असतोच. घेतलेल्या कॅफिनपैकी अर्धं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. दुपारी दोननंतर बंद करा. दुपारची डुलकी वीस मिनिटांची आणि तीनच्या आत. मैत्रिणीकडची झोपेची गोळी किंवा मित्राने दिलेली जागं राहायची गोळी, यातलं काहीही घेऊ नका.

"पण मॅडम, सिलॅबसच इतका उरलाय" असं म्हणून रात्रभर जागणाऱ्यांची मला फार काळजी वाटते. १९९७ साली डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवलं, की सलग सतरा तास जागं राहिल्यावर हातातलं काम जितकं बिघडतं, ते रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना बिघडतं साधारण तितकंच. शिवाय दिवसा वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत. उरलेल्यातलं काय सोडायचं ते संध्याकाळीच ठरवा. सोडायचं ठरवताना वाईट वाटतं, मला माहीत आहे. पण अर्धवट वाचलेल्या दोन युनिट्सपायी नीट येत असलेलं युनिटही चुकतं, माझं ते कोसाइन तसंच आलं होतं. आणि उद्या पेपर आहे, आज झोप येतच नाहीये, असं झालं तर घाबरून जाऊ नका. एका वाईट रात्रीने वर्षभराचा अभ्यास पुसला जात नाही. दिवा मालवून शांत पडून राहा, अस्वस्थ वाटलं तर उठून बसा, पुन्हा पडा. पुस्तक मात्र उघडू नका.

आता मनाचं. सलग जागरणानंतर येणारे विचार तुमच्याबद्दलचं सत्य सांगत नाहीत, हे मला त्या जिन्यात कुणीतरी सांगायला हवं होतं. २००७ सालच्या एका प्रयोगात रात्रभर जागवलेल्या लोकांना त्रासदायक चित्रं दाखवली, तेव्हा मेंदूतला भावनांशी जोडलेला अमिग्डाला हा भाग झोप झालेल्या लोकांपेक्षा साधारण ६० टक्के जास्त उसळला. म्हणजे तीच गोष्ट जागरणात जास्त भेसूर दिसते. "मी नापास होणार", "आईबाबांना तोंड कसं दाखवू" असे विचार रात्री आले तर कागदावर लिहा, खाली लिहा "सकाळी दहाला बघू", आणि खरंच दहाला बघा.

उदास वाटत असताना "आधी बरं वाटू दे, मग उठते" असं म्हणत राहिलं की दिवस निघून जातो. आधी काहीतरी लहान करायचं, बरं वाटणं मागून येतं. अंघोळ, धुतलेले कपडे, कुणासोबत तरी पंधरा मिनिटं चालणं, वेळेवर जेवण. माझी रूममेट रोज संध्याकाळी माझ्या चपला दारात आणून ठेवायची आणि काही न बोलता उभी राहायची. त्या चालण्यात परीक्षेचा विषय काढायचा नाही असं ठरलेलं होतं. पेपर सुटल्यावर उत्तरं पडताळणाऱ्या घोळक्यातही थांबू नका, सरळ निघा.

हे सगळं करूनही जवळजवळ रोज, दोन आठवडे, मन खिन्नच आहे किंवा कशातच गोडी वाटत नाही, तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. निद्रानाशावर गोळ्यांशिवायचे उपचार आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली सीबीटी-आय ही बोलून करायची उपचारपद्धत पहिली निवड म्हणून सुचवली. झोप अगदी कमी, तरी अंगात प्रचंड जोम आणि विचारांचा वेग आवरत नाही, असं होत असेल तरी डॉक्टरांना दाखवा. मरण्याचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर मात्र दोन आठवडे काय, उद्याचीही वाट बघू नका. त्याच क्षणी कुणाला तरी उठवा, हेल्पलाइनला फोन लावा, एकटे राहू नका. आत्महत्या प्रतिबंधाच्या हेल्पलाइनचा नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा. पेपर पुढे ढकलता येतो का हे विभागात विचारणं यात काही कमीपणा नाही, माझ्याकडे आलेल्या मुलांसोबत मी स्वतः जाऊन विचारलं आहे.

समुपदेशकाकडे पहिल्यांदा गेले तेव्हा काय बोलायचं तेच कळत नव्हतं. तुमचंही तसं होईल असं वाटलं तर चिठ्ठी नेऊन हातात द्या. त्यात इतकंच पुरे: किती दिवसांपासून झोप नाही, रात्री साधारण किती वाजता डोळा लागतो, कितीला उठता, जेवण जातं का, आणि सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. मी शेवटचं आधी लिहिलं होतं.