जड ट्रेलर ओढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स थंड कसा ठेवावा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापला की बहुतेक जण सर्वप्रथम मोठ्या कूलरचा विचार करतात. कूलर हवाच, पण उष्णता नेमकी कुठे निर्माण होते हे समजून घेतले, तर ती मुळातच कमी करता येते आणि मग कूलरवर पडणारा भारही हलका होतो. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते. ट्रेलर जड असेल आणि वेग कमी असेल, तेव्हा कन्व्हर्टरच्या दोन चक्रांच्या फिरण्यात मोठा फरक पडतो आणि त्या घसरणीत वाया जाणारी शक्ती थेट तेल तापवते. कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच, म्हणजे ही दोन चक्रे एकमेकांना घट्ट जोडणारा क्लच, बसला, की ही घसरण थांबते. म्हणूनच लॉक-अप शक्य तितका वेळ टिकवून ठेवणे, हे चालकाच्या हातातले सर्वांत प्रभावी साधन आहे.

गाडीत टो मोड, म्हणजे ओझे ओढताना वापरायची गिअरबॉक्सची खास सेटिंग असेल, तर ट्रेलर जोडताच तो चालू करावा. त्यामुळे गिअर उशिरा चढतात, लॉक-अप अधिक काळ टिकतो आणि चढावर दोन गिअरांमध्ये सतत होणारी अदलाबदल कमी होते. प्रत्येक बदलात क्लच प्लेटा क्षणभर घासत असल्यामुळे ही अदलाबदलही तेल तापवतेच. टो मोड नसेल, तर ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरचा, इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा गिअर) बंद करावा किंवा एक गिअर खाली घेऊन चढ चढावा. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरू नये. जास्त फेऱ्यांवर सहज चालणारे इंजिन हे वरच्या गिअरमध्ये कण्हणाऱ्या इंजिनापेक्षा गिअरबॉक्सला पुष्कळ सुखाचे असते. चढावर थांबावे लागले, तर अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये, ब्रेक वापरावा. जड ट्रेलर चढावर उलटा ढकलणे हा तर तेल तापवण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे, कारण त्या वेळी गाडी जवळजवळ जागच्या जागी असते आणि कन्व्हर्टर पूर्ण घसरत असतो. असे काम थांबत थांबत करावे.

तापमान अंदाजाने ओळखता येत नाही, म्हणून गाडीत तेलाच्या तापमानाचा मीटर नसल्यास तो बसवून घ्यावा. गिअरबॉक्सच्या खालच्या पॅनमधले (तेल साठवणाऱ्या तळातले) तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सियस असेल, तर काळजी नाही. ११५ च्या पुढे सामान्य तेलाचे विघटन वेगाने होऊ लागते आणि झडपांवर चिकट थर बसतो; १२५ ते १३० च्या आसपास रबरी सील कडक होऊ लागतात. तेल जितके अधिक तापते, तितके त्याचे आयुष्य घटते, आणि ही घट झपाट्याने वाढत जाते. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारे तेल पॅनमधल्या तेलापेक्षा बरेच गरम असते, हे सेन्सरची जागा ठरवताना आणि आकडे वाचताना लक्षात ठेवावे.

आता कूलरबद्दल. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या लहान कूलरमधून फिरते. पण इंजिनाचे पाणी स्वतःच ९० अंशांच्या घरात असल्याने तेल त्याहून थंड होऊ शकत नाही. म्हणून वाऱ्यावर थंड होणारा जादा कूलर बसवताना तो रेडिएटरच्या टाकीनंतर, तेल गिअरबॉक्सकडे परतण्याच्या वाटेवर जोडणे सामान्यतः योग्य ठरते. एकावर एक पट्ट्यांच्या थरांचा कूलर त्याच आकाराच्या नळी-पाकळ्यांच्या कूलरपेक्षा जास्त उष्णता काढतो. पाइप गिअरबॉक्सच्या गरम तेलासाठीच बनवलेला असावा. पेट्रोलचा पाइप येथे चालत नाही, आणि तो फुटला तर काही मिनिटांत सगळे तेल रस्त्यावर येते. थंड प्रदेशात थर्मोस्टॅट असलेला कूलर घ्यावा, कारण अति थंड, घट्ट तेलही गिअरबॉक्सला मानवत नाही.

तेलाची पातळी निर्मात्याने सांगितलेल्या तापमानाला आणि सांगितलेल्या पद्धतीनेच तपासावी. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरणाऱ्या भागांनी घुसळून त्याचा फेस होतो. दोन्हींत दाब घटतो आणि क्लच प्लेटा घसरतात. तेल तपकिरी झाले असेल आणि जळका वास येत असेल, तर पुढचा प्रवास लांबणीवर टाकून आधी तपासणी करून घ्यावी. नियमित ओझे ओढणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेतले कठीण वापराचे वेळापत्रकच पाळावे. ट्रेलरचे वजनही तिथल्या मर्यादेतच असावे, कारण अतिभाराची भरपाई कोणताही कूलर करू शकत नाही.

वाटेत मीटरचा काटा चढलाच, तर सुरक्षित जागी थांबून गाडी पार्कमध्ये घ्यावी, मात्र इंजिन लगेच बंद करू नये. हँडब्रेक ओढून फेऱ्या किंचित वाढवून, मिनिटाला सुमारे १,००० ते १,२०० वर, काही मिनिटे इंजिन चालू ठेवावे. म्हणजे पंप तेल कूलरमधून फिरवत राहतो आणि कन्व्हर्टरमध्ये साठलेली उष्णता बाहेर पडते. काटा नेहमीच्या जागी आल्यावरच पुन्हा निघावे, आणि उरलेला चढ एक गिअर खाली घेऊन पार करावा.