कॉलरबोनच्या शस्त्रक्रियेनंतर हात कसा सांभाळावा

कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड, मोडले की शस्त्रक्रिया करावीच लागते असे नाही. तुकडे फारसे सरकले नसतील तर हात झोळीत ठेवूनही ते बहुधा जुळते. मात्र हाडाचे टोक कातडीबाहेर आले असेल, आतून रेटून कातडी पांढरी पडली असेल किंवा रक्तवाहिनीला इजा झाली असेल, तर शस्त्रक्रियेला पर्याय उरत नाही. तुकडे एकमेकांवर चढून हाड साधारण 2 सेंटिमीटर आखूड झाले असेल, तर रुग्णाचे वय आणि कामाचे स्वरूप पाहून निर्णय घेतात.

शस्त्रक्रियेत तुकडे जागेवर आणून त्यांवर धातूची पट्टी स्क्रूने घट्ट बसवतात. क्वचित हाडाच्या पोकळीत सळई घालतात. त्वचेच्या बारीक नसा दुखावल्याने जखमेखालचा भाग बधिर वाटतो आणि हा बधिरपणा थोडाफार कायमचाही राहू शकतो, हे आधीच माहीत असलेले बरे.

बोटे, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवावे. सदरा घालताना दुखरा हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. काख धुताना कमरेत किंचित वाकून हात सैल लोंबू द्यावा, म्हणजे तो उचलावा लागत नाही. सपाट झोपण्याऐवजी पाठीशी उशा रचून अर्धवट बसते झोपावे व कोपराखाली एक उशी घ्यावी. टाके बहुधा 10 ते 14 दिवसांनी काढतात.

खरी कसोटी तिसऱ्या आठवड्यात लागते. पट्टीच्या आधाराने दुखणे थांबते, हात बरा झाला असे वाटते आणि नेमकी तेव्हाच माणसे भरलेली बादली उचलतात. पण हाड अजून जुळलेले नसते आणि सगळा भार पट्टीवर पडून स्क्रू ढिले होऊ शकतात. म्हणून सुमारे 6 आठवडे, एक्स-रेत हाड जुळत असल्याचे दिसेपर्यंत, वजन उचलू नये व डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज हात खांद्याच्या वर नेऊ नये. अंगाला अंग भिडणारे खेळ किमान 3 महिने बंद ठेवावेत. धूम्रपानाने हाड जुळण्यास उशीर होतो, तेव्हा ते सोडावेच.

ताप, जखमेतून पू, बोटांना नव्याने मुंग्या किंवा हात गार पडणे यांपैकी काही जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धाप लागल्यास तर क्षणभरही थांबू नये.

पट्टी काढावीच लागते असे नाही. पिशवीचा पट्टा तिच्यावर घासून खुपत असेल, तर हाड पक्के झाल्यावर, सहसा वर्षभरानंतर, ती काढता येते; मात्र स्क्रूची छिद्रे भरेपर्यंत काही आठवडे हात पुन्हा जपावा लागतो.