तैलरंगात स्कॉटलंडचं सरोवर रंगवताना या चुका टाळा

डोंगर जमतात, आकाशही जमतं, पण असं चित्र बहुतेक वेळा पाण्यात फसतं. कारण खालचा भाग आपण वरच्या भागाची उलटी नक्कल म्हणून रंगवतो. प्रतिबिंब तसं नसतं. आपले डोळे पाण्यापासून जितके उंच, तितक्याच खोलीवरून वर पाहिल्यासारखं ते दिसतं. म्हणून पुढची ठेंगणी टेकडी प्रत्यक्षात मागच्या शिखराचा फक्त पायथा झाकत असली, तरी पाण्यात ती त्या शिखराचा बराच जास्त भाग झाकते. एवढं सांभाळलं तरी पाणी आडवं पसरलेलं वाटू लागतं.

छटाही जशाच्या तशा उतरवू नका. गडद डोंगर पाण्यात किंचित उजळ दिसतो, पांढरा ढग किंचित गडद. शिवाय तिथल्या बऱ्याच सरोवरांचं पाणी पीटच्या, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीमुळे कोऱ्या चहासारखं तपकिरी असतं. काठाजवळ ट्यूबमधला निळा फासू नका. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात थोडा अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, मिसळून बघा.

रंग ओला असताना कोरडा चपटा ब्रश आधी उभा खाली ओढा, मग हलक्या हाताने एकदाच आडवा. जास्त घोटलं की रंग मळतो. मळलाच तर वर पांढरा थापू नका. पॅलेट नाइफने खरवडा, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा आणि तेवढा भाग पुन्हा रंगवा.

मोबाइलच्या फोटोत डोंगर हमखास काळे येतात, ते तसेच उतरवू नका. स्कॉटिश चित्रकार होरेशिओ मॅककुलॉक यांचं १८६४ चं ‘ग्लेन्को’ हे चित्र जरूर पाहा. त्यात शिखरं धुक्यात कशी विरत जातात! लांबच्या कडा मऊ, फिक्या ठेवा.

ऋतूंची सरमिसळही टाळा. हेदर या झुडपाचा जांभळा बहर ऑगस्टचा, ब्रॅकन नेच्याचा तांबूस रंग ऑक्टोबरचा. प्रकाशाचंही तेच: आपल्याकडे मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो, तिथे भर उन्हाळ्यातही तो तिरपाच असतो. सावल्या त्या हिशेबाने टाका.

आणि वाळलेल्या रंगाला तडे जाऊ नयेत म्हणून? पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, जवसाचं तेल वरच्या थरांत. वाळल्यावर गडद भाग निस्तेज दिसला तर तिथे तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जास्तीचं पुसून घ्या. शेवटच्या व्हार्निशला मात्र निदान सहा महिने थांबा, रंग जाड असेल तर वर्षभर.