एलायझा लावताना

एलायझा म्हणजे नमुन्यात एखादं प्रथिन किती आहे, हे रंगावरून मोजायची चाचणी. महापे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये नवीन मुलं आली की मी आधी त्यांना सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग, हाताळायला शिकवते. ट्यूबवर नाव नसतं, नुसता कोड असतो. पण तेवढ्यासाठी कुणीतरी सुई टोचून घेतलेली असते. उणे ८० अंशांवरचं सिरम बर्फावर वितळू द्या, मग ट्यूब अलगद उलटीसुलटी करा. वितळताना प्रथिनं तळाशी दाट होतात. न मिसळता वरचंच उचललंत तर आकडा खोटा येतो. पुन्हा गोठवायची पाळी येऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी छोट्या ट्यूबांत वाटून ठेवा.

चाचणी जिच्या छोट्या खळग्यांत (वेलमध्ये) लावतात, त्या प्लेटचं पाकीट फ्रिजमधून काढल्या काढल्या फोडू नका. जुलैत इथल्या दमट हवेत गार प्लेटवर लगेच दव धरतं.

स्टँडर्ड (ज्यातलं प्रमाण आधीच माहीत असतं ती द्रावणं) आणि नमुने दोन-दोन वेलमध्ये लावा. सीव्ही, म्हणजे दोन वेलच्या आकड्यांतली तफावत सरासरीच्या तुलनेत, १५ टक्क्यांवर गेला की मी तो नमुना परत लावते.

खरी गोम धुण्यात आहे. धुण्याचं द्रावण (बफर) टाकून दिल्यावर प्लेट टिश्यूवर उलटी आपटा, पण वेल कोरडे पडू देऊ नका. टीएमबी या रंग आणणाऱ्या द्रावणाने निळा रंग चढतो. ते ज्या क्रमाने घातलं, त्याच क्रमाने, त्याच वेगाने रंगाची क्रिया थांबवणारं स्टॉप सोल्युशन घाला. पिवळं झालं की लगेच प्लेट रीडरवर ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात रंगाचा आकडा वाचा.

स्टँडर्डच्या आकड्यांवरून काढलेल्या वक्राच्या वर गेलेला नमुना अंदाजाने लिहायचा नाही. डायल्यूट करून पुन्हा लावा आणि जितक्या पट पातळ केलंत, तो गुणक उत्तराला लावायला विसरू नका.