कॉम्प्युटर आपोआप सुरू होतोय? कारण असं शोधा

जूनमध्ये एकदा सकाळी सहालाच इंदूरच्या रामबागेतल्या मावशीचा फोन, "अरे तो कॉम्प्युटर काल रात्री परत आपला आपण सुरू झाला, मी स्वतः बंद करून झोपले होते, येऊन बघून जा ना." तिसरी वेळ होती ही. मावशी एकटी राहते, आणि अंधाऱ्या घरात अडीच वाजता पंखा घरघरायला लागला, स्क्रीनचा निळा उजेड भिंतीवर पडला की कोणीही दचकेलच. ज्याला दाखवला होता त्या दुरुस्तीवाल्यानं झाकण न उघडताच मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बदलावा लागेल म्हणून सांगून टाकलं होतं. मदरबोर्डला काहीही झालेलं नव्हतं, एक पैसा खर्च न होता ते दुरुस्त झालं, आणि म्हणूनच हे सगळं नीट लिहितोय, कारण या तक्रारीत लोकांचे पैसे उगाच जातात.

आधी एक गोष्ट समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं आहे. शटडाउन केलेला कॉम्प्युटर पूर्ण बंद नसतोच. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू असेल तर आतला एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा, जांभळ्या वायरीतून ५ व्होल्ट सतत मदरबोर्डला देत राहतो, आणि मदरबोर्ड तेवढ्या विजेवर वाट बघत बसलेला असतो की कोणीतरी "चालू हो" म्हणेल. तसा सिग्नल आला की तो हिरवी वायर ग्राउंडला जोडतो आणि एसएमपीएस पूर्ण सुरू होतो. सिग्नल समोरच्या बटणाकडून येऊ शकतो, कीबोर्ड-माउसकडून, नेटवर्कच्या केबलमधून, आतल्या घड्याळाकडून, किंवा लाइट जाऊन परत आली एवढ्यावरूनही. आपल्याला फक्त शोधायचंय की सिग्नल दिला कोणी.

पहिलं काम: वेळ लिहून ठेवा

हे लोक टाळतात आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. तीन-चार दिवस दोन गोष्टी लिहा, किती वाजता सुरू झाला आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं. मावशीनं कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारीच पेन्सिलीनं लिहिलं होतं, १२ तारीख २:४०, १५ तारीख पहाटे ४, १९ तारीख परत अडीच. मी विचारलं, त्या रात्री लाइट गेली होती का? ती म्हणाली, "हो की, वारा सुटला होता ना, पंखा बंद पडला म्हणून तर जाग आली." तिन्ही तारखांना तेच. पावसाळ्याच्या तोंडावर इंदूरला वारं सुटलं की लाइट ये-जा करतेच.

दुसरं म्हणजे तुम्ही कॉम्प्युटर शटडाउन करता की स्लीपला टाकता ते पक्कं बघा. बरेच जण फक्त स्क्रीन काळी झाली की बंद झाला समजतात. स्लीपमधून जागा होणं आणि पूर्ण बंद असताना सुरू होणं, दोन्हीची कारणं बरीच वेगळी असतात. आधीची उघडी फाइल तशीच समोर दिसली तर तो स्लीपमध्ये होता.

बोर्डाच्या बटणाची टेस्ट

शटडाउन करा, भिंतीवरचं बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, परत चालू करा, कॉम्प्युटरला हात लावू नका. लगेच सुरू झाला तर कारण जवळजवळ हातात आलं, एक तर बायोसमधली (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा स्वतःचा मेन्यू) सेटिंग नाहीतर मशीनचं अडकलेलं बटण. नाही झाला तर विंडोज, नेटवर्क किंवा घड्याळाकडे वळा.

मावशीचा झाला. त्यामुळे तिच्याकडे मी सरळ बायोसमध्ये गेलो.

बायोसमध्ये काय बघायचं

सुरू होता होता डिलीट किंवा एफ-टू दाबत राहा, एचपीच्या मशीनला बहुतेक एफ-टेन. पॉवरचा मेन्यू शोधा, कधी तो ॲडव्हान्स्डच्या आत दडलेला असतो. प्रत्येक कंपनीनं नाव वेगळं ठेवलंय, आसुसमध्ये "रिस्टोर एसी पॉवर लॉस", गिगाबाइटमध्ये "एसी बॅक", डेलमध्ये "एसी रिकव्हरी", एचपीमध्ये "आफ्टर पॉवर लॉस". अर्थ एकच, लाइट जाऊन आली तर काय करायचं. तिथे "पॉवर ऑन" असेल तर लाइट आली की मशीन स्वतः उठणार, "लास्ट स्टेट" असेल तर लाइट जाताना जसं होतं तसं होणार. घरी ते "पॉवर ऑफ" करून ठेवा, गिगाबाइटमध्ये त्याला "ऑलवेज ऑफ" म्हणतात. मावशीचं मशीन एका ऑफिसातून निघालेलं, सेकंड हँड घेतलेलं, आणि ऑफिसात किंवा दुकानात ही सेटिंग मुद्दाम "ऑन" ठेवतात की लाइट आली की सगळं आपोआप चालू व्हावं. तिच्या घरी तीच सेटिंग तशीच राहून गेली होती. सेकंड हँड घेतलं असेल तर हे आधी बघाच.

तिथेच असताना अजून तीन गोष्टी बघून घ्या. "वेक ऑन लॅन" किंवा "पॉवर ऑन बाय पीसीआय-ई", म्हणजे नेटवर्कवरून सुरू होणं, घरी लागत नसेल तर बंद. "आरटीसी अलार्म", म्हणजे ठरलेल्या वेळेला सुरू होणं, ते बंद. रोज बरोब्बर एकाच वेळेला सुरू होत असेल तर पहिला संशय यावरच घ्या. कीबोर्ड-माउसनं सुरू होणं पण बंद, विशेषतः घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर. आणि "ईआरपी" नावाची सेटिंग मिळाली तर ती चालू करा, ती शटडाउननंतर बोर्डाकडे जाणारी वीज इतकी कमी करते की यातले बरेच सिग्नल पोचतच नाहीत. फक्त मग बंद मशीनच्या यूएसबीवर मोबाइल चार्ज होणार नाही, तो बिघाड समजू नका.

सेटिंग सेव्ह करूनही काही दिवसांनी परत पहिल्यासारखी झाली, तारीख-वेळ चुकीची दिसायला लागली, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपलाय. इंदूरच्या जेल रोडला कुठेही मिळतो, दोन प्लेट पोह्यांच्या पैशात काम होतं. बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन सगळ्या सेटिंग परत कराव्या लागतील, हे विसरलात तर सेल बदलून पण फरक पडला नाही असं वाटेल.

स्लीपमधून उठत असेल तर

इथे विंडोज स्वतःच कारण सांगतो, विचारावं लागतं एवढंच. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, राइट क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर". काळ्या खिडकीत इंग्रजीत पॉवर आणि त्याला चिकटून सी, एफ, जी असं टाइप करा, मग स्पेस, मग स्लॅश आणि लास्टवेक एकत्र. शेवटचं कोणी उठवलं ते येतं. लास्टवेकच्या जागी वेकटायमर्स टाकलं तर पुढे कोण उठवायच्या तयारीत आहे ते कळतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही, स्टार्टमध्ये शोधा) विंडोज लॉग्स, त्यात सिस्टीम, तिथे "पॉवर-ट्रबलशूटर" नावाची १ नंबरची नोंद शोधा, त्यात झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि उठवणारा तिन्ही लिहिलेलं असतं. तुमच्या वहीतली वेळ त्याच्याशी जुळवून बघा.

रात्री दोनच्या सुमाराचं असेल तर विंडोजचा ऑटोमॅटिक मेंटेनन्स असू शकतो, त्याची ठरलेली वेळच २ ची असते. पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग, त्यात स्लीप, आणि "अलाउ वेक टायमर्स" डिसेबल. नाव नेटवर्क कार्डाचं आलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन कॉम्प्युटर उठवायची परवानगी काढा. ऑफिसच्या कामासाठी बाहेरून मशीन उठवावं लागत असेल तर परवानगी ठेवा पण "मॅजिक पॅकेट"वालीच टिक करा. त्या पॅकेटमध्ये तुमच्या कार्डाचा स्वतःचा पत्ता १६ वेळा लिहिलेला असतो म्हणून भलतंसलतं पॅकेट आलं तर मशीन उठत नाही. माउसचं नाव आलं तर त्याचीही परवानगी काढा, टेबल हललं की ऑप्टिकल माउसला हात फिरल्यासारखं वाटतं.

शटडाउन केल्या केल्या दहा सेकंदात परत सुरू होत असेल तर कंट्रोल पॅनलमधून "फास्ट स्टार्टअप" बंद करा, बऱ्याचदा तेवढ्यानं थांबतं.

बटण

बोर्डाच्या टेस्टमध्ये मशीन लगेच सुरू झालं आणि बायोस ठीक आहे, तर समोरचं बटण तपासा. पावसाळ्यात धूळ आणि ओल मिळून आत चिकटा तयार होतो, बटण दाबल्यावर पूर्ण वर येत नाही. ओळखायची खूण म्हणजे मशीन सुरू होऊन चार-पाच सेकंदात धाडकन बंद पडतं, कारण बटण चार सेकंद दाबून धरलं की जबरदस्तीनं बंद करायचं असं बोर्डाला शिकवलेलं असतं.

प्लग काढा, फक्त भिंतीवरचं बटण बंद करून भागवू नका. झाकण उघडून "पॉवर एसडब्ल्यू" लिहिलेली छोटी दोन पिनांची वायर मदरबोर्डवरून काढा, आणि त्या जागी रिसेट बटणाची वायर लावा. आता रिसेटचं बटण पॉवरचं काम करेल. दोन-तीन दिवस असंच वापरा, आपोआप सुरू होणं थांबलं तर दोष बटणाचा, आणि खरं सांगायचं तर मग तसंच रिसेटवर चालवलं तरी काही बिघडत नाही.

एसएमपीएस

सगळ्यात शेवटी हे. ओळखीच्या कोणाचा चांगला एसएमपीएस लावून दोन-चार रात्री बघा, नवीन घ्यायची घाई नको. मदरबोर्डवरचे छोटे गोल कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वरून फुगलेले दिसले तर मात्र दुरुस्तीवाल्याला दाखवा. एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका, आत मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहतो. घरात अर्थिंग नसेल, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, कॉम्प्युटरचं नंतर बघता येईल.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर ती वेळा लिहिलेली वही सोबत न्या आणि काय काय तपासलंय ते सांगा. मावशीच्या कालनिर्णयवर जुलैच्या पानावर आता फक्त दूध आहे, आणि एका चौकोनात तिनं लिहिलंय, "रात्री लाइट गेली, कॉ. बंदच."