वाढत्या वयातील खेळाडूंच्या मांड्या कशा भरतात

पुण्यात सणस मैदानावर किंवा बालेवाडीला मुलांना सरावासाठी सोडायला येणाऱ्या पालकांची एक तक्रार ठरलेली असते: पोरगा वर्षभर पळतो आहे, पण मांड्या काही भरत नाहीत. याचे कारण बहुधा सरावात नसून वयात असते. वयात येताना आधी हाडे लांबतात आणि स्नायू मागाहून भरतात. उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण १२व्या आणि मुलांमध्ये १४व्या वर्षाच्या आसपास येतो, आणि स्नायूंचा भर त्यानंतर काही महिन्यांनी दिसू लागतो. मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे तो ठळक असतो, मुलींमध्ये बेताचा.

म्हणून व्यायाम ठरवण्याआधी उंची मोजावी. दर तीन महिन्यांनी, सकाळीच (संध्याकाळपर्यंत उंची किंचित कमी भरते), अनवाणी उभे करून दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करावी. मांडीचा घेर शिंप्याच्या टेपने घ्यावा: जांघेची घडी आणि गुडघ्याच्या वाटीची वरची कड यांच्या बरोबर मधोमध, दोन्ही पायांवर सारखा भार ठेवून, टेप कातडीला टेकेल पण रुतणार नाही अशी. या घेरात चरबीही मोजली जाते, त्यामुळे त्यावर फार विसंबू नये.

उंचीचा झपाटा सुरू होण्यापूर्वी बैठका मारल्या तर ताकद वाढते, घेर फारसा वाढत नाही, कारण तेव्हा मज्जासंस्था स्नायूंना अधिक नेमकेपणाने कामाला लावायला शिकत असते. हे शिकणे वाया जात नाही. तालमीतली बैठक चवड्यांवर मारतात. नवख्या मुलाने मात्र टाचा जमिनीला टेकवून, गुडघे पंजांच्या रेषेत ठेवून सुरुवात करावी. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, ८ ते १२ बैठकांचे दोन-तीन संच पुरतात. ढब न बिघडता एवढे जमले, तरच जाणकाराच्या देखरेखीखाली हलके वजन द्यावे. मांडीच्या मागच्या स्नायूंकडे सहसा दुर्लक्ष होते. त्यांच्यासाठी सेतुबंधासन (पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणे) उत्तम. पर्वतीच्या पायऱ्या चढताना दम लागतो, पण मांडीचे पुढचे स्नायू खरे ताणले जातात ते उतरताना, म्हणून पहिल्या दिवशी एकाच फेरीवर थांबावे.

तीन महिन्यांत उंची दोन सेंटिमीटरहून अधिक वाढली, तर उड्या आणि वेगाच्या धावा कमी कराव्यात. याच काळात गुडघ्याच्या वाटीखालचा हाडाचा उंचवटा दुखू लागतो, कारण मांडीचा स्नायू तिथल्या कोवळ्या हाडाला ओढत असतो.

आहारात डाळ, उसळ, दही, अंडी आणि पोटभर भाकरी असेल, तर प्रोटीनच्या डब्यावर खर्च करण्याची गरज सहसा पडत नाही. झोपेचे गणित अवघड आहे: किशोरांना ८ ते १० तास हवेत, आणि रात्री नऊपर्यंत क्लास व पहाटे पाचला सराव असेल तर ते बसत नाही. अशा वेळी मी पहाटेचा एखादा सराव सोडायला सांगेन.

मांडी किंवा गुडघा दुखून मूल लंगडत असेल, तर ते वाढीचे दुखणे समजून तेल चोळत बसू नये. या वयात खुब्याच्या हाडाचे टोक सरकले, तरी दुखते मांडीत किंवा गुडघ्यात, म्हणून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेऊन खुब्याचा एक्स-रे काढण्याविषयी विचारावे आणि तोवर त्या पायावर भार देऊ नये.