बोट हिवाळाभर पाण्यातच ठेवताय? ग्वाल्हेरकडच्यांनी या चुका टाळा

ग्वाल्हेरला पाणी गोठत नाही, मग बोटीला हिवाळ्यात काय होणार, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात आणि गडबड तिथेच सुरू होते. दिवाळीनंतर दोन-चार रविवार फिरून झाले की बोट काठाला बांधायची, वर ताडपत्री टाकायची आणि थेट होळीच्या सुमाराला उघडायची. मधल्या काळात तलावाचं पाणी उतरत असतं, मावठा पडतो, रोज पहाटे दव साचतं, बॅटरी हळूहळू उतरते. यात बर्फाचा कुठेच संबंध नाही तरी बोट बुडते. आणि दुसरीकडे काही जण कॅनडा-अमेरिकेचे व्हिडिओ बघून गुलाबी अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारा द्रव) शोधत फिरतात, ज्याची इथे गरजच नाही. म्हणून हे आपल्या भागापुरतं लिहितोय, कुणाची फार्महाऊसच्या तलावात छोटी फायबरची बोट असेल, कुणाची मासेमारीची लाकडी नाव असेल, कुणी बोट क्लबवर बोटी सांभाळत असेल, त्या सगळ्यांसाठी.

काठाच्या झाडाला आखूड दोराने बांधणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्याकडचे तलाव पावसाळ्याच्या शेवटी भरतात आणि मग जूनपर्यंत उतरतच जातात. तिघरा धरणाचंच घ्या, अख्ख्या शहराला नळाचं पाणी तिथून येतं. या धरणाला विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते, तेच जे १९०३ मध्ये पहिल्यांदा आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याला बसले. पुराचं पाणी ते दरवाजे सांभाळत, पण हिवाळ्यातली पातळी ठरते ती शहराची तहान अन् बाष्पीभवन यांच्यावर, आणि ती खालीच जाते.

आता नोव्हेंबरात तुम्ही बोटीचं पुढचं टोक झाडाला घट्ट बांधलंत. पाणी हातभर उतरलं की पुढचा भाग दोराला लटकतो किंवा काठावर टेकतो, मागची बाजू खाली जाते, आणि मोटरचं वजन मागेच असतं, तिथली फळीही सगळ्यात बुटकी. वारा सुटला की लाटा मागून आत येतात आणि एका रात्रीत बोट भरते. नाहीतर बोट खडकावर टेकून डुलत राहते आणि फायबर घासून घासून भोक पडतं, ते भोक मार्चमध्ये दिसतं.

बोट खोल पाण्यात बोयाला (तळाशी वजनाला बांधलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधा, म्हणजे पाणी कितीही उतरलं तरी ती तरंगतच राहील. खाली वजन म्हणून काँक्रीटचा ठोकळा टाकत असाल तर एक हिशेब ध्यानात ठेवा, पाण्यात गेल्यावर काँक्रीटचं वजन चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी भरतं, म्हणजे १०० किलोचा ठोकळा खाली साठ किलोच्या आतच काम करतो. नांगर टाकणार असाल तर दोर खोलीच्या निदान पाचपट सोडा, कारण दोर उभा ताणला गेला की नांगर उपटतो. दोर नायलॉनचा घ्या, तो ताणला जाऊन हिसका पोटात घेतो. बाजारातला स्वस्त निळा-हिरवा प्लॅस्टिकचा दोर तरंगतो खरा पण उन्हात कुसकरायला लागतो, आणि आपल्याकडे हिवाळ्यातही दिवसभर ऊन असतंच. बोटीच्या कडेवर जिथे दोर घासतो तिथे जुन्या रबरी पाइपचा तुकडा चढवा. काठालाच बांधायची वेळ आली तर दर आठवड्याला कुणीतरी जाऊन बोट मागे सरकवायलाच हवी, त्याला पर्याय नाही.

ताडपत्री सपाट अन् चहूबाजूंनी घट्ट बांधणं

मावठा म्हणजे चार थेंब असं समजू नका. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. साडेचार मीटर लांबीच्या बोटीचं उघडं क्षेत्र साधारण सहा चौरस मीटर धरा, म्हणजे ३० मिलिमीटर मावठ्यात १८० लिटर, म्हणजेच १८० किलो पाणी आत. ताडपत्री सपाट असेल तर तेच पाणी वरच्या खोलगट भागात साचतं, ताडपत्री फाडतं आणि सगळं एकदम आत येतं.

मधोमध लांबीत बांबू घाला, ताडपत्रीला घराच्या छपरासारखा उतार द्या आणि पुढे-मागे हवा खेळायला जागा सोडा. ही हवेची जागा फार महत्त्वाची आहे, कारण जानेवारीत पहाटे पारा चार-पाच डिग्रीवर येतो, दुपारी ऊन चांगलं असतं, आणि तलावाचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं. मग रात्रभर ताडपत्रीच्या आतल्या बाजूला घाम धरतो आणि टपकत राहतो. आठवड्यातच गाद्यांना बुरशी, वायरींच्या टोकांना हिरवट गंज. गाद्या, लाइफ जॅकेट, दोरांची भेंडोळी घरी घेऊन जा, ते बोटीत ठेवायचं काही कारणच नाही.

पंप आहे ना, मग झालं!

नाही झालं. तळातला छोटा पंप साधारण दोन अँपिअर ओढतो. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर तिची अर्धीच ताकद वापरायची म्हटलं तरी आठ-नऊ तास पंप चालेल, आणि तेही बॅटरी नवी अन् पूर्ण भरलेली असेल तर. थंडीत बॅटरी आणखी कमी देते. त्यात फ्लोट स्विचमध्ये (पाणी चढलं की तरंगून पंप सुरू करणाऱ्या बटणात) पानं किंवा शेवाळ अडकलं की पंप एकतर सुरूच होत नाही किंवा बंदच होत नाही, दोन्हीकडून नुकसान. महिन्यातून दोनदा हाताने फ्लोट वर उचलून बघा, पंप सुरू झाला पाहिजे आणि सोडला की थांबला पाहिजे.

बॅटरीवर साधा मीटर लावा. बोट काही तास निवांत उभी असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आजच काढून चार्जिंगला न्या, कारण अशी उतरलेली बॅटरी महिनाभर पडून राहिली की आतल्या प्लेटांवर थर बसतो आणि मग ती पूर्ण भरतच नाही. दहा वॅटची छोटी सोलर प्लेट कंट्रोलरसकट बसवली तर मोठा भार हलका होतो, फक्त आपल्याकडे जानेवारीत दाट धुक्याचे सलग दिवस येतात, तेव्हा तिच्याही भरवशावर राहू नका.

जुनं पेट्रोल तसंच ठेवणं

आता आपल्या पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, जास्त पाणी झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि मोटरची नळी तळातूनच ओढते. अर्धी टाकी आणि दमट हवा हे सगळ्यात वाईट. हातात उचलायची छोटी टाकी असेल तर रिकामी करून घरी न्या, उरलेलं पेट्रोल ताजं असतानाच स्कूटरमध्ये वापरून टाका, मात्र टू-स्ट्रोक मोटरसाठी त्यात ऑइल मिसळलेलं असेल तर ते स्कूटरमध्ये घालू नका. बोटीत पक्की बसवलेली टाकी असेल तर ती जवळजवळ भरून ठेवा आणि स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रावण) घाला. कार्ब्युरेटरवाली मोटर शेवटच्या फेरीनंतर पेट्रोलची नळी काढून, मोटर थंड ठेवणारं पाणी चालू असताना, आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे आत पेट्रोल राहून चिकटा धरणार नाही.

मोटर छोटी असेल तर मी सरळ सांगेन की काढून घरी न्या आणि उभी ठेवा. चोरीची भीती जाते ते वेगळंच. बोटीवरच ठेवायची असेल तर आधी गिअर ऑइल बघा, ते दुधाळ झालं असेल तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय, ते उन्हाळ्यावर ढकलू नका. बोटीखालचे अॅनोडही (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) बघा, दुकानदार बऱ्याचदा समुद्रावर चालणारे जस्ताचे देतो, पण गोड्या पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ते काम करायचं थांबतात. आपल्याला मॅग्नेशियमचे लागतात.

लाकडी नाव बाहेर काढून वाळवणं

फायबरच्या बोटीला वर्षातून काही महिने पाण्याबाहेर ठेवणं चांगलं, सतत गोड्या पाण्यात राहिली की फायबरच्या आत पाणी मुरून फोड येतात. पण फळ्या जोडून केलेल्या लाकडी नावेचं बरोबर उलटं आहे! ती कोरड्या हवेत काठावर ठेवली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि मग पाण्यात टाकली की चहूबाजूंनी गळते. तिला पाण्यातच राहू द्या, आणि बाहेर काढलीच असेल तर पुन्हा टाकताना काठाजवळ उथळ पाण्यात एक-दोन दिवस भिजू द्या, फळ्या फुगल्या की बरीचशी गळती आपोआप थांबते. न थांबलेल्या जागी सुतळी-कापूस भरून डांबर.

केबिनमध्ये सिगडी

हे जिवावरचं आहे. थंडीत रात्री बोटीवर थांबायचं म्हणून कोळशाची सिगडी आत घेऊन दार-खिडक्या बंद करतात. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो. बंद जागेत सिगडी नको म्हणजे नको, जनरेटरही नको.

तसंच धुक्यात एकट्याने बोट बघायला जाऊ नका. पंधरा डिग्रीच्या आसपासच्या पाण्यात अचानक पडलं की पहिल्या मिनिटात श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, पट्टीचा पोहणाराही नाकातोंडात पाणी घेतो. काठावरून बोटीत चढतानासुद्धा लाइफ जॅकेट घाला. आणि शिवपुरीचा सख्यासागर किंवा चंबळ असेल तर थंडीत मगरी उन्हासाठी काठावरच येऊन पडतात, त्यामुळे दोर सोडायला वाकण्याआधी काठ नीट बघून घ्या.

खरोखर बर्फ पडतो तिथे

नातेवाईक कॅनडात असतील किंवा कुणी काश्मीरला बोट सांभाळत असेल तर तिथलं गणित वेगळं. १४ जानेवारी २०२१ ला श्रीनगरचा पारा उणे ८.४ वर गेला होता आणि दल सरोवराचा पृष्ठभाग गोठला होता. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं, त्यामुळे इंजिनात, नळ्यांत, पंपात राहिलेलं थोडं पाणीही लोखंड फोडतं. तिथे इंजिनातून पाणी काढून गुलाबी प्रॉपिलिन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ भरतात, हिरवं एथिलिन ग्लायकॉलचं विषारी असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत कधीच नाही. बोटीच्या तळाचे पाण्याचे व्हॉल्व्ह बंद करतात, आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेली मोटर) खाली उभी ठेवतात म्हणजे पाणी निथळून जातं, आणि डेकवरचा बर्फ वेळेवर काढतात, कारण बर्फाच्या भाराने बोट दबते आणि एरवी पाण्याच्या वर असणारी भोकं पाण्याखाली जातात. बोटीभोवतीचा बर्फ हातोड्याने फोडू नये, तडा बोटीलाच जातो. यातलं ग्वाल्हेरला फक्त एकच घ्या, व्हॉल्व्ह बंद करणं.

आत पाणी दिसलं तर

आधी उपसून तळ कोरडा पुसा आणि वर्तमानपत्राचे तुकडे पसरून ठेवा. दुसऱ्या दिवशी सगळेच तुकडे थोडे थोडे दमट असतील तर तो नुसता दवाचा घाम आहे, हवा खेळती करा. एकाच ठिकाणचे चिंब असतील तर तिथे गळती. बहुतेक वेळा मागचं बूच, त्याचं वाळलेलं रबर, नाहीतर मोटरच्या बोल्टची भोकं निघतात. काही न सापडता पाणी रोज वाढत असेल तर बोट बाहेर काढा.

मोटर बुडाली असेल तर बाहेर काढून तशीच सुरू करायचा प्रयत्न अजिबात करू नका, सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, आतला दांडा वाकतो. प्लग काढा, हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, पेट्रोल अन् कार्ब्युरेटर रिकामं करा, सिलिंडरमध्ये ऑइल सोडा आणि त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या, कारण गंज हवा लागल्यावर सुरू होतो. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी भेटणार असेल तर तोपर्यंत मोटर स्वच्छ गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये बुडवूनच ठेवा.